साडूभाऊंची संध्याकाळ

आमच्या साडूभाऊंइतका हेवा मी आजवर कुणाचाच केला नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. राहणार निलंग्याचे, काम औषध कंपनीच्या फिरतीचं, त्यामुळे पाय सदा एसटीत. ज्या गावी दिवस मावळेल त्या गावचं चर्च गाठायचं आणि संध्याकाळच्या उपासनेला तिथले लोक काय म्हणतात ते विचारून यायचं, हा त्यांचा छंद. नांदेडला आमच्याकडे आले की चहा निवेपर्यंत ऐकवायचे, "आपण सायंउपासना म्हणतो. देगलूरच्या पलीकडं तेलुगूत सायंकाल प्रार्थना. गोव्यात वेस्पर. अन् केरळातले काही जण तर रम्शो म्हणतात, रम्शो! तोंडात पेढा ठेवल्यावानी वाटतं का न्हाई?" मला काही वाटायचं नाही. सासूबाई राहायच्या आमच्याकडे, त्यांच्या गोळ्या-औषधं बघायचो मी, पण तव्यावरची फुगलेली भाकरी जायची साडूभाऊंच्या ताटात.

गेल्या वर्षी सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. मराठी पार गेली. दवाखान्यात ऊन उतरलं की एकच घोकणं, "संजे... संजे..." माझं नाव संजय. मी विरघळलोच. हात धरून म्हणायचो, "हाव आई, मी हाय इथं." त्या हात सोडवून घ्यायच्या आणि पुन्हा, "संजे." तरी मी बायकोला ऐकवलंच, "बघ, शेवटी कुणाचं नाव तोंडी आलं!"

साडूभाऊ आले आणि दारातच थबकले. "अरे, ही तर कन्नड! संजे म्हणजे संध्याकाळ. आईंचं माहेर बिदरकडलं. संध्याकाळची प्रार्थना मागून राहिल्यात त्या." खुर्ची ओढून त्यांनी कन्नड प्रार्थनेचा सूर लावला. सूर कसला, घाटात अडलेली एसटी! पण सासूबाईंनी चांगला हात कपाळाला लावला आणि डोळे मिटले. मी थर्मास धरून दारात उभा. डोळ्यांत पाणी आणि मनात जळफळाट.

व्हरांड्यात साडूभाऊ म्हणाले, "उद्यापासून मी दौऱ्यावर. इथं रोज तूच असणार, शिकून घे." आणि येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर माझ्याकडून घोटून घेतलं, "संजे प्रार्थने माडोणा", म्हणजे संध्याकाळची प्रार्थना करू या.

दुसऱ्या दिवशी मी ते म्हटलं आणि सासूबाई खुदकन हसल्या. आजारानंतरचं पहिलं हसू. मी लगेच साडूभाऊंना फोन केला. "खरंच हसल्या?" त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, "माझ्या कन्नडला कधी हसल्या न्हाईत रे."

तो आवाज मी बरोबर ओळखला. इतकी वर्षं तो माझाच होता.

उन्हाळ्यात सासूबाई गेल्या. आता त्या वाक्याचं मला काही काम नाही. तरी दिवस मावळताना ते ओठांवर येतं, आणि एकमेकांना फोन कुणी आधी लावायचा, एवढीच चुरस आम्हा साडूंत उरली आहे.