वर्डमधली यादी

वालूरच्या वाचनालयासाठी मी सॉफ्टवेअर बनवलं, तेव्हा परभणीत माझं काम नुकतंच सुरू झालं होतं. पुस्तक कुणाकडे गेलंय, परत कधी येणार, सगळं लगेच दिसायचं. कमिटी खूश होती. नाखूश होते ते एकटे ग्रंथपाल काका. साठीकडे झुकलेले, बोलणं हळू.

"ताई, हे लय चांगलं हाय. पण मला आपली वर्डमधीच यादी करून द्या."

मी समजावलं, वर्ड पत्रं लिहायला बरं, एवढ्या पुस्तकांच्या देवघेवीला नाही. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा तेच म्हणाले. तीनदा मी एसटीनं वालूरला गेले, तीनदा तेच. चौथ्या खेपेला माझा आवाज चढला. "काका, तुम्हाला शिकायचंच नाही का?"



मी चडफडत कपाटाआड जाऊन पुस्तकांचे नंबर तपासू लागले. तेवढ्यात एक बाई पुस्तक परत द्यायला आल्या. काकांनी आपली जुनी, अर्धवट वर्डची फाईल उघडली आणि अक्षरं मोठी करत गेले, एकेक अक्षर बोटाएवढं होईपर्यंत. तरी नाक पडद्याला टेकायचंच बाकी होतं. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं मोठी करायची सोयच नव्हती.

बाई गेल्यावर मी खुर्ची ओढून जवळ बसले. "कधीपासून, काका?"

"झालं वर्षभर. कमिटीला सांगू नका. नावंच वाचता न्हाई आली तर ठिवतील का मला?"

माफी मागायची होती; तोंडून निघालं, "परभणीला चला, डोळे दाखवू."

मोतीबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं होईपर्यंत मी त्यांना हवी तशीच यादी करून दिली, वर्डमध्ये, ठळक अक्षरांत.

पट्टी निघाल्यावर काही दिवसांनी त्यांचा फोन आला. "ताई, तुमचा तो पडदा पिवळा न्हाई, पांढराफेक हाय की!"

मला हसू आलं, डोळेही भरले. "मग आता सॉफ्टवेअर चालू करू?"

"करा की. पण अक्षरं मोठी करायचं बटण टाका त्यात. माझ्यामागून कोण बसंल इथं, त्याची नजर कशी असंल, काय माहीत?"

त्याच आठवड्यात मी ते बटण बसवलं आणि वालूरची गाडी धरली.