मुग्धाच्या आवाजाखालची मचमच

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मला आधीपासून चीड आहे. त्यामुळे हे लिहिताना मला माझीच चीड येतेय... पण लिहिल्याशिवाय ते डोक्यातून जाणारही नाही.

मी नाशिकची. लग्नाच्या व्हिडिओंचा साउंड साफ करून पोट भरते आणि हौस म्हणून मित्रांच्या बँडचं मिक्सिंग करते. हा त्यांचा पहिलाच अल्बम. शूगेझ — म्हणजे गिटारींचं दाट धुकं आणि त्याच्या तळाशी गाणारीचा आवाज. गाणारी मुग्धा. रेकॉर्डिंगच्या दुसऱ्याच दिवशी ती थायरॉइडच्या ऑपरेशनसाठी ॲडमिट होणार होती. आवाज बदलू शकतो, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे जे काही गाऊन घ्यायचं, ते त्या एका दिवसातच.

रेकॉर्डिंग दिंडोरीजवळ, गिटारवाल्या साहिलच्या काकांच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये. सीझन नसल्यामुळे तिथली कोल्ड रूम बंद आणि रिकामी होती. आवाज तिच्यात सुंदर घुमायचा. पितृपक्ष चालू होता आणि नेमकं त्याच दिवशी साहिलच्या आजोबांचं, नानांचं श्राद्ध. काकूंनी कंपाउंडच्या भिंतीवर पान ठेवलं. आम्ही सगळे उपाशीपोटी कावळ्याची वाट बघत उभे, आणि कावळा काही शिवेना. साहिलला कुठला आलाय धीर... "कावळ्याला नको तर मला चालेल," म्हणत त्याने पानावरचा वडा उचलून तोंडात टाकला. वर खीर बोटाने चाटली! मी तोंड फिरवलं. काकूंनी कपाळाला हात लावला.

दुपारी मुग्धा गायला उभी राहिली. मी हेडफोन लावले आणि... मचमच. तिच्या आवाजाखाली कोणीतरी चावत होतं. ओलं, लाळेचं, आणि मधेच कवळी सुटल्यासारखं 'कट्'. माझ्यासमोर कोणी तोंड उघडं ठेवून खाल्लं तर मी ताट उचलून दुसऱ्या खोलीत जाते, आणि इथे ते थेट माझ्या कानात! मी साहिलवर खेकसले, पण त्याचं तोंड रिकामं होतं. माइक बदलला, केबल बदलली, मुग्धाला पाणी पाजलं. प्रत्येक टेकमध्ये तेच. तिला ऐकवलं तेव्हा ती रडायलाच लागली.

"माझा एवढाच आवाज उरणार आहे गं... त्यात हे?"

आणि साहिल म्हणे, "राहू दे ना, टेक्स्चर भारी आहे." थोबाडीत द्यावीशी वाटली.

काकू चहा घेऊन आल्या, तर वैतागून मी त्यांच्याच कानाला हेडफोन लावले. त्यांनी चटकन डोक्यावर पदर घेतला.

"नाना हायेत. इतकी वर्सं जेवायला वाढलंय मी त्यांना... कवळी वळखणार नाय का? भरल्या पानावरून उठवलं रे तुम्ही त्यांना. नुसतं चावत्यात, पोटात काय जात नाय."

मी मनातल्या मनात हसले. काकूंनी मात्र पुन्हा वडे तळले आणि पान साहिलच्या हातात दिलं. "ठेव, अन् माफी माग." तो हात जोडून वळतो न वळतो तोच कावळा वडा घेऊन उडाला.

आत येऊन मी आधीचेच टेक पुन्हा लावले. मचमच नव्हती. एकाही फाइलमध्ये नाही. मी काहीही पुसलेलं नव्हतं, शपथ! फक्त शेवटच्या गाण्यात, मुग्धाचा लांब सूर विरत असताना, एक ढेकर. मोठा, ओला, तृप्त. हेडफोनमधून आंबट वास येईल की काय असं वाटलं. कापायला गेले तर सूरही कापला जात होता, म्हणून तसाच ठेवला आणि त्यावर गिटारींचं धुकं चढवलं.

कुठल्या फाइलमधून काय कसं गेलं, मला अजून सांगता येत नाही. साउंडवाल्या दोघा-तिघांना विचारलं, त्यांनाही नाही.

मुग्धा आता बरी आहे. बोलते, पण घोगरं. सूर लागत नाही. मी भेटायला गेले की ती अल्बममधला तोच शेवटचा तुकडा लावते, पुन्हा पुन्हा, डोळे मिटून. ढेकर आला की उठून दुसऱ्या खोलीत जावंसं वाटतं. पण बंद कर म्हणायची हिंमत होत नाही.