मिक्सरचा उपास

उपासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, मी आमच्या घरातला मिक्सर देवासाठी सोडला. तो मिक्सर माझा नव्हता आणि मी त्याला जन्मात कधी हात लावला नव्हता.

एवढं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझी बाजू घेण्याचा मोह कुणाला व्हायला नको. मिक्सर बायकोचा होता. आखातात नोकरीला असलेल्या तिच्या भावाने सुट्टीवर येताना तो आणला आणि माझ्यादेखत तिच्या हातात ठेवून म्हणाला, "हा तुझ्यासाठी. आता सबबी बंद." सबबी म्हणजे अभ्यासाच्या. लग्नामुळे तिचं कॉलेज शेवटच्या वर्षावर अडकलं होतं. वसईतल्या आमच्या उमेळ्यात ती बालवाडीत शिकवायची. बी.ए. झालीस तर शाळेत घेऊ, असं तिला सांगण्यात आलं होतं, म्हणून त्या वर्षी ती बाहेरून परीक्षेला बसत होती. परीक्षा ईस्टर झाला की लगेच. पाट्यावर वाटण वाटण्यात जाणारी सकाळ मिक्सरने मोकळी केली होती, आणि त्या मोकळ्या वेळात ती मागच्या पडवीत पुस्तक घेऊन बसायची. हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि वेळेवर आठवणं ही दोन वेगळी खाती आहेत, आणि माझ्याकडे पहिलंच होतं.

राखेच्या बुधवारच्या आधीच्या रविवारी मिस्सा संपल्यावर फादरांनी पुरुषांना देवळाशेजारच्या सभागृहात थांबवून घेतलं. म्हणाले, "मांस-मच्छी सोडायची तुम्हांला सवय झाली आहे. शुक्रवारी सोडता आणि शनिवारी दामदुपटीने वसूल करता. या वर्षी प्रत्येक घराने एक सोय सोडा. बटण दाबलं की मिळते ना, तसली."

सगळे छताकडे बघू लागले. तेवढ्यात आमचा शेजारी उठला आणि छाती काढून म्हणाला, "आम्ही रेडिओ सोडला!"

सभागृहात कुजबुज झाली. हा माणूस क्रिकेटची कॉमेंट्री ऐकता ऐकता केळीला पाणी सोडायचा आणि विकेट पडली की पाणी तसंच सोडून घरात पळायचा. त्याने रेडिओ सोडावा! कॅरममध्ये तो मला हरवायचाच, त्याच्या केळीचे घड माझ्यापेक्षा मोठे असायचे, आता स्वर्गातही माझ्या पुढे जाऊन बसणार होता. मला काही ते सोसवेना.

मी मनातल्या मनात घरातून एक फेरी मारली. पंखा? मार्च तोंडावर आलेला. विहिरीवरचा पंप? रहाटाचा दोर लहानपणी ओढलेला, तळहात अजून विसरले नव्हते. गॅस? मला सकाळी उठल्या उठल्या चहा लागतो आणि चूल उठल्या उठल्या पेटत नाही. इस्त्री? हापिसात लोक आधी माझ्या पँटची घडी बघतात, मग मला. कुकर? रविवारचं मटण कोण शिजवणार, उन्हं? असा एकेका वस्तूपाशी थांबत, तिची माफी मागत मी स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात पोचलो. तिथे ते यंत्र होतं जे रोज सकाळी घरघर करून माझी साखरझोप मोडायचं.

"आम्ही मिक्सर सोडला!" मी गरजलो.

टाळ्या पडल्या. शेजाऱ्याचं तोंड लहान झालं. फादर म्हणाले, "वा! याला म्हणतात त्याग." आणि पुढच्या रविवारी प्रवचनात, नाव न घेता, त्यांनी सांगितलं की एका कुटुंबाने तर मिक्सर सोडला आहे. नाव घ्यायची गरजच नव्हती. देवळातली सगळी माणसं वळून माझ्या बायकोकडे बघू लागली. ती समोर वेदीकडे बघत राहिली.

खरं तर तिला ते आधीच कळलं होतं. मी सभेवरून घरी आलो तेव्हा शेजारीण माझ्या आधी येऊन गेली होती. बायकोने मिक्सरची वायर काढली, तिची नीट गुंडाळी केली, मिक्सर वरच्या फळीवर ठेवला आणि मला विचारलं, "अहो, पण वाटायचं कोणी?"

"कोणी म्हणजे?"

"माझ्याकडे बघू नको," आई आतून ओरडली. तिची बोटं सांधेदुखीने वाकडी झाली होती. आई घरात आमच्या बोलीत बोलायची. तिचं बोलणं इथे सगळ्यांना कळेल असं लिहितोय, त्यात तिखट जरा कमी झालंय. "ज्याने तोंडाने सोडला त्याने हाताने वाटावं."

बायको म्हणाली, "बरोबर आहे. त्याग तुमचा आहे. मी कशाला मध्ये येऊ?"

मग सुरू झाले माझे हाल. आमच्याकडे कालवणाला ओलं खोबरं लागतं, मिरची लागते, आणि रोज लागतं. बोंबील असो की वांगं, वाटणाशिवाय ताटात काही उतरत नाही. मी पहाटे उठून पाट्यासमोर फतकल मारायचो. वरवंटा पुढे ढकलला की खोबरं डाव्या बाजूने पळायचं. ते गोळा करेपर्यंत मिरच्या उजव्या बाजूने निघायच्या. पाणी घातलं की सगळं मिळून पायावर यायचं. पाटा तोच, ज्यावर आईने उभा जन्म वाटलं. मला बघून तो जणू उताराचा व्हायचा. वाटून झालं की मी हात धुवायचो, साबण लावून धुवायचो, आणि दुपारी हापिसात हिशेब करता करता डोळा चोळायचो. साहेब एकदा म्हणाले, "घरी काही वाईट घडलंय का? रोज रडताय." काय सांगणार, साहेब, मी पुण्य करतोय?

त्यात शेजारी. रेडिओ सोडल्यामुळे त्याला सकाळी काही उद्योग नव्हता. तो आमच्या कुंपणाच्या भिंतीवर येऊन बसायचा आणि माझ्या वाटणाची कॉमेंट्री करायचा. "वरवंटा घेऊन तयार... पुढे सरसावले... आणि मिरची सीमापार!" आमची आळी हसायची. मी वर बघून शिव्या द्यायला तोंड उघडायचो, पण उपासकाळात शिव्याही सोडल्या होत्या. हे सोडणं तर कुणी मोजतसुद्धा नव्हतं.

आई पहिला घास घ्यायची आणि दाताखालून तुकडा काढून ताटाच्या कडेला ठेवायची. "वाटण नाही रे हे. रस्त्यावर टाकतात ती खडी."

काही दिवसांनी एका पहाटे मला जाग आली तेव्हा पाट्याचा आवाज येत होता. मागे जाऊन बघतो तर बायको वाटत होती. म्हणाली, "तुमचं वाटलेलं मला परत वाटावं लागतं. मग पहिल्यापासून मीच वाटलं तर वेळ कमी जातो." मला आधी हायसं वाटलं, हे कबूल करतो. मग पडवीत बघितलं. अर्थशास्त्राचं पुस्तक बाकावर होतं, त्यात खूण म्हणून ठेवलेलं देवाचं छोटं चित्र होतं. दुसऱ्या दिवशी बघितलं, चित्र त्याच पानात. आठवडा गेला, चित्र त्याच पानात.

मी म्हटलं, "मिक्सर काढू या खाली. देव काही रागावणार नाही."

"देव नाही रागावणार," ती म्हणाली. "पण वेदीवरून सांगितलंय. उद्या मिक्सरचा आवाज आला तर बोलणी तुम्हांला नाही, मला खावी लागतील."

मला तिचा राग आला, फादरांचा आला, पाट्याचा तर होताच. आणि त्या रागात मला एक युक्ती सुचली. माझ्या युक्त्या बहुतेक रागातच सुचतात, म्हणून त्या अशा असतात.

त्या शुक्रवारी संध्याकाळी आमच्या घरी आळीची प्रार्थना होती. नंतर सगळ्यांना पेज आणि खोबऱ्याची चटणी द्यायची होती. एवढ्या माणसांची चटणी पाट्यावर वाटायची म्हणजे बायकोची अख्खी दुपार गेली असती. मी रजा टाकून घरी राहिलो. ती बालवाडीत, आई शेजारणीकडे. मी नारळ खवले, मिक्सर खाली उतरवला, दारं-खिडक्या लावल्या, भांडं भरलं आणि खटका फिरवला. मिक्सरने एकदा घर्र केलं आणि मुकाट झाला.

मेव्हण्याचा मिक्सर जाळला! मी खटका इकडे फिरवला, तिकडे फिरवला, भांडं हलवलं, झाकण काढून आत बघितलं. मग वर बघितलं तर पंखाही बंद होता. वीज गेली होती. तेवढ्यात फाटक वाजलं. बायको लवकर आली होती. मी मिक्सरवर झाकण टेकवलं, टॉवेल टाकला आणि बाहेर येऊन हसलो.

"एवढंच खोबरं?" तिने परातीत बघून विचारलं.

"नारळ लहान निघाले."

वसईत नारळ लहान निघाले म्हणून कोण विश्वास ठेवील? पण तिने पदर खोचला. आणखी नारळ फोडले, आणि पाट्यावर बसली. परीक्षा तोंडावर आलेली बाई माझ्या थापेसाठी परत पहिल्यापासून चटणी वाटत होती, आणि मी तिला पाणी नेऊन देत होतो. दुसरं काय करणार?

संध्याकाळी माणसं जमली. वीज नव्हतीच. मेणबत्त्या लावून आम्ही गुडघे टेकले. शेजारी स्वयंपाकघराच्या दारात, माझ्या पुढेच. 'नमो मरिया' अर्ध्यावर आलं आणि वीज आली.

खटका बंद करायचा राहिला होता हे मला त्या क्षणी कळलं. आतून गिरणी सुरू व्हावी तसा आवाज झाला. टॉवेल उडाला, झाकण उडालं, आणि खोबरं-मिरची-कोथिंबीर दारातून बाहेर आली. बहुतेक सगळी शेजाऱ्याच्या टकलावर. तो तसाच गुडघ्यावर बसून म्हणाला, "रेडिओ मी खरोखर सोडलाय हो. मिक्सरचं मात्र काही सांगता येत नाही."

बायको उठली. आत जाऊन बटण बंद केलं, परत येऊन जागेवर गुडघे टेकले आणि जिथे थांबली होती तिथून प्रार्थना पुढे म्हणू लागली. बाकीचे हसू दाबत तिच्या मागून म्हणत राहिले.

सगळे गेल्यावर मी म्हटलं, "तुझा वेळ वाचावा म्हणून केलं गं. अभ्यासासाठी."

"अभ्यास तुम्हांला आज आठवला," ती भिंतीवरचं खोबरं पुसत म्हणाली. "त्या दिवशी सभेत आठवला असता तर बरं झालं असतं. आता तर मिक्सरला हातही लावता येणार नाही. आळी म्हणेल, नवरा सोडतो आणि बायको चोरून लावते."

ईस्टरपर्यंत मी पुन्हा पहाटे वाटायला बसलो. या वेळी खरंच, मन लावून. तरी खडीच व्हायची. बायको येऊन त्यावर दोन हात फिरवायची, आणि ते दोन हात फिरवता फिरवता उजाडायचं.

निकाल जूनमध्ये लागला. बाकीचे सगळे पेपर निघाले. अर्थशास्त्रात ती नापास झाली. पडवीत आई वाल सोलत होती, तिच्याजवळ बसून बायको म्हणाली, "ऑक्टोबरला परत बसते. तोपर्यंत शाळेतली जागा ठेवतील का, बघू." आणि तीही वाल सोलू लागली.

मला ते बघवेना. मी म्हटलं, "हे बघ, ऑक्टोबरपर्यंत तू मागशील ते सोडतो. पंखा सोडतो. चहा सोडतो. पंप बंद करून पाणी मी ओढतो. काय सोडू ते तू सांग."

आईने हातातला वाल खाली ठेवला.

"पंखा राहू दे, पंप राहू दे, आणि त्या मिक्सरकडे तर बघूसुद्धा नको," ती म्हणाली. "तू असं कर, ऑक्टोबरपर्यंत बहिणीकडे बोळिंजला जाऊन राहा. या घरात तेवढी एकच वस्तू बंद ठेवली तर कुणाचं काही अडत नाही."