ग्रॅहमच्या वहीतली अकरावी बिअर

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, आजही नाही. मी फार्मसिस्ट आहे. डॉक्टरचं अक्षर लागलं नाही तर मी गोळीसुद्धा देत नाही, तिथे भुताला काय भीक घालणार... बायको फारच मागे लागली म्हणून हे लिहितोय.

१९९६ चा जुलै, म्हणजे ऑकलंडचा हिवाळा. आम्ही माउंट रॉस्किलला भाड्याच्या घरात राहायचो. गंमत अशी की मी मूळचा वर्ध्याचा. वर्ध्यात दारूबंदी, आणि माउंट रॉस्किलही तेव्हा ‘ड्राय’ – औषधालासुद्धा पब नाही. बायको म्हणायची, तुमच्या नशिबातच नाही तर कशाला भांडता नशिबाशी? पण हॉस्पिटलच्या फार्मसीत माझ्या शेजारच्या टेबलावर ग्रॅहम होता. मूळचा इंग्लंडातल्या यॉर्कशायरचा, साठीला टेकलेला. इथली थंडगार लागर बिअर त्याला पाणचट वाटायची. हातपंपाने ओढलेली, त्याच्या गावाकडच्या चवीची ‘पेल एल’ बिअर ऑकलंडात कुठल्या पबमध्ये मिळते याचा शोध त्याने आरंभला होता आणि जोडीला मला घेतलं होतं. दर शनिवारी दुपारी एक पब, माणशी एक ग्लास. लाल वहीत बिअरचं नाव, वास, कडवटपणा, दहापैकी मार्क. पहिली मला कोमट काढ्यासारखी लागली होती. चौथीपर्यंत त्या कडवटपणाची चटक लागली.

त्या महिन्यात तर मी शनिवारची वाटच बघायचो, कारण माझ्या हॉस्पिटलच्या लॉकरमध्ये एक निळं एअरमेल पत्र पडलं होतं. वहिनीचं. दादाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या, नागपूरला डायलिसिस चालू होतं. ‘तुमचा रक्तगट एकच आहे. हे स्वतः कधी विचारणार नाहीत, म्हणून त्यांना न सांगता लिहिते आहे.’ पत्र येऊन तीन आठवडे झाले होते. मी उत्तर दिलं नव्हतं. बायकोलाही सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. लाज वाटते लिहायला, पण घाबरलो होतो.

तर त्या शनिवारी ओनेहुंगाच्या बाजूला, एका कोपऱ्यावरच्या जुन्या पबमध्ये गेलो. दुपारचे अडीच. आत चिटपाखरू नाही. काउंटरमागे एक म्हातारा पाठमोरा उभा राहून ग्लास पुसत होता. आमची चाहूल लागली तशी त्याने मान अर्धी वळवली आणि विचारलं,

“पिंट्या, पेलेल का तुला?”

पिंट्या हे माझं घरातलं नाव. न्यूझीलंडमध्ये ते बायकोशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. आणि ते वाक्य दादाचं. लहानपणी आम्ही दोघं भाऊ विहिरीवरून पाणी आणायचो – काठीच्या मधोमध बादली अडकवायची, एक टोक त्याच्या खांद्यावर, एक माझ्या. निघताना दादा दर वेळी हेच विचारायचा, आणि मी उत्तर देण्याआधीच बादली स्वतःच्या बाजूला सरकवायचा.

म्हाताऱ्याने उत्तराची थोडा वेळ वाट बघितली, ग्लास ठेवला आणि मागच्या दारातून आत गेला. दोन मिनिटांनी त्याच दारातून एक मुलगी आली आणि काय देऊ म्हणाली. मी म्हाताऱ्याबद्दल विचारलं तर ती हसली. अकरा वाजल्यापासून ती एकटीच होती, मागे फक्त बिअरची पिंपं ठेवायची खोली, तिला दुसरं दार नाही. पेल एलही तिथे नव्हतीच, पंपावर फक्त एक स्टाउट, म्हणजे काळी बिअर होती. ती नको म्हटल्यावर ‘स्वीट ॲज’, म्हणजे इथल्या बोलीत ‘चालेल की’, म्हणत मुलगी ग्लास धुवायला लागली. ग्रॅहम मात्र वैतागला. त्याचं म्हणणं, पेल एल नाहीच, तर मग त्या माणसाने विचारलं कशाला?

म्हणजे त्यानेही बघितलं होतं, ऐकलंही होतं. मला तिथेच संशय आला. या ग्रॅहमनेच कोणाला तरी पढवून उभं केलं असणार. पण मराठी वाक्य त्याला देणार कोण? बायको! वहिनीने तिलाही लिहिलं असणार, आणि फार्मसीच्या पार्टीत दोघं तासभर बोलत बसले होते. घरी पोचलो तो बूटही न काढता तिच्यावर घसरलो, पत्राबद्दल ग्रॅहमला तूच सांगितलंस ना म्हणून.

ती शांतपणे म्हणाली, “कसलं पत्र?”

झालं. चोराच्या मनात चांदणं. सगळं सांगावं लागलं. पार्टीत ग्रॅहम तिला बटाट्याच्या भाजीची रेसिपी विचारत होता, एवढंच. तिने मला आधी बूट काढायला लावले. मग म्हणाली, “कोणी विचारलं याचा शोध कसला घेताय? उत्तर काय देणार ते बघा.”

तरी माझा संशय जाईना. मीच ‘पिंट, या? पेल एल?’, म्हणजे ‘ग्लासभर पेल एल हवी ना?’, या साध्या इंग्रजी प्रश्नाचं मराठी केलं असेल – मन खात असलं की कान काहीही ऐकतात. सोमवारी ग्रॅहमकडे लाल वही मागितली. अकरावी नोंद त्याच्याच तिरक्या इंग्रजी अक्षरात होती. नाव: ‘पेल एल कटूला’. बनवणारा: प्रश्नचिन्ह. मार्कांचा रकाना कोरा.

मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, “त्याने हेच नाव घेतलं की. तू खांबासारखा उभा राहिलास. इंडियन बिअर आहे का ही?”

त्याच संध्याकाळी वहिनीला फोन केला.

दादा माझ्यावर दोन दिवस चिडलेला होता, वहिनीवर त्याहून जास्त. त्या शनिवारी तू काय करत होतास, असं मी खोदून विचारलं. म्हणे, डायलिसिसला झोपलो होतो, दुसरं काय करणार? ऑपरेशनच्या सकाळी आमची स्ट्रेचरं शेजारी-शेजारी लावली होती. त्याने मान अर्धी वळवली.

“पिंट्या, पेलेल का तुला?”

“पेलेल,” मी म्हटलं. “तू फक्त तुझ्याकडे ओढू नकोस.”

दादा त्यानंतर चौदा वर्षं जगला. वहीतलं ते पान ग्रॅहमने निवृत्त होताना मला फाडून दिलं. ती बिअर त्याला कधीच मिळाली नाही. मी पुष्कळ डोकं लावलं. ‘पिंट, या’चं पिंट्या झालं असेल, मान्य. ‘पेल एल’चं पेलेल झालं असेल, तेही मान्य. पण ‘का तुला’ ही कुठली बिअर, हे मला आजतागायत कळलेलं नाही. कोणाला ठाऊक असेल तर कळवा.