झाकणभर धीर

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी डहाणू रोडला भाजी घेत होतो. "काका, बाबा आज सकाळी उठलेच नाहीत..." त्याची मुलगी एवढंच बोलू शकली. वांगी तिथंच ठेवून मी झरीची वाट धरली. पोचलो तर अंगणातली माणसं डोळे पुसत होती आणि मधूनच हसतही होती. कुणीतरी दत्ताच्या कबड्डी समालोचनाची नक्कल करत होतं. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला याहून चांगला निरोप कोणता मिळणार?

झरीच्या शाळेत आम्ही दोघांनी बावीस वर्षं एकत्र शिकवलं. वर्गात दत्ता वाघ होता. पण चार मोठी माणसं समोर आली की तो घाबरून मागच्या रांगेत सरकायचा. अशा माणसाच्या हातात गावानं कबड्डीचा माईक दिला, कारण आवाज खणखणीत. पहिल्या सामन्याआधी कुणीतरी बाटलीच्या झाकणात मोहाची दारू ओतून पुढं केली. "गुरुजी, एवढं घ्या, धीर येतो." आणि धीर आला! त्या दिवशी दत्ता असा बोलला, की बाद झालेला खेळाडूसुद्धा खूश होऊन बाहेर गेला.

मग झाकण रोजचं झालं. संध्याकाळी सहाला, जेवणाआधी, औषधासारखं. "मी पीत नाही, घेतो," असं तो ऐटीत सांगायचा. झिंगलेला तो मला कधीच दिसला नाही, त्यामुळे मीही मान डोलवायचो. थोडीशीच तर आहे... फक्त झाकण तेवढं बदलत गेलं. बाटलीचं गेलं, खोकल्याच्या औषधाचं आलं. निवृत्तीनंतर एकदा त्याच्या पडवीत बसलो होतो, तर वहिनी थर्मास घेऊन बाहेर आल्या. "भावजी, याचं झाकण कुठं गेलं, तुम्हाला काही ठाऊक?" दत्ता कौलं निरखू लागला.

त्याच सुमारास पहाटे त्याची छाती धडधडायला लागली. मुलीनं फोन उचलला नाही तरी घाम फुटायचा. हृदयाचं दुखणं असेल म्हणून मी त्याला डहाणूला नेलं. डॉक्टर वैशाली, आमच्याच शाळेची विद्यार्थिनी. सगळ्या तपासण्या ठीक निघाल्या, तेव्हा मी झाकणाची गोष्ट सांगून टाकली. दत्तानं माझ्याकडे असं पाहिलं, की काय सांगू...

"गुरुजी, नाही घेतलं तर काय होतं?" तिनं विचारलं.

"भीती वाटते."

"पूर्वी वाटायची त्यापेक्षा कमी, की जास्त?"

दत्ता गृहपाठ न केलेल्या पोरासारखा म्हणाला, "जास्त."

"संध्याकाळी तुम्ही भीतीला झोपवता, ती पहाटे ताजीतवानी होऊन उठते. मग औषध कसलं ते?" एकदम तोडू नका, मी सांगते तसं कमी करत या, असंही तिनं बजावलं. "आणि भीती वाटली की लपवू नका. सांगून टाका."

पुढचे दोन महिने दत्ता सगळ्यांवर चिडला, माझ्यावर सर्वांत जास्त. पण सोडली. पहाटेची धडधड हळूहळू कमी झाली. मग कबड्डीचे सामने आले. सकाळीच त्याचा फोन, "मला जमायचं नाही." मी त्याला हाताला धरून मैदानात नेलं. माईक हातात घेऊन तो नुसताच उभा. माणसं वाट बघतायत, खेळाडू वाट बघतायत... शेवटी म्हणाला, "मंडळी, माझे पाय लटपटतायत."

बायकांच्या बाजूनं एक म्हातारी ओरडली, "मंग बसून बोल ना, गुरुजी!"

सगळं मैदान हसलं, दत्ताही हसला. खुर्ची आली, तो बसला, आणि पुढचे दोन तास त्यानं मैदान डोक्यावर घेतलं. तिथून पुढं सात वर्षं तो बसूनच बोलला.

सहाच्या रिकाम्या वेळेसाठी वहिनींनी तेव्हा कॅरम आणवला होता. आता दर गुरुवारी मी त्यांच्याशी खेळायला जातो. परवा त्या म्हणाल्या, "शेवटपर्यंत घाबरायचे हो. सामन्याला निघताना तीनदा सदरा बदलायचे. मला विचारायचे, आज चुकलो तर? मी म्हणायची, चुका."

एवढं बोलून त्यांनी राणी घेतली, वर पांढरी सोंगटीही टाकली, आणि स्ट्रायकर पुन्हा स्वतःच्या रेषेवर ठेवला.