हळदीच्या मांडवात कोरे हात

"हात दाखवा!"

आमच्या सिस्टरबाईंचा नमस्कारच हा. पनवेलहून त्या स्कूटरवर पुढे, मागे डायलिसिसच्या पिशव्यांची खोकी भरलेला माझा टेम्पो. तुम्हांला खोटं वाटेल, पण त्यांचा आवाज ऐकून न्हावा शेव्याला निघालेला कंटेनर करकचून ब्रेक मारायचा आणि ड्रायव्हर दोन्ही पंजे खिडकीबाहेर काढायचा. मी पाहिलंय. म्हणजे, जवळजवळ पाहिलंय.

चिरनेरकडे आमची एक काकी आहे. किडन्या गेलेल्या. दिवसाआड पनवेलला मशीनवर जायची आणि पिळलेल्या फडक्यासारखी परत यायची. सिस्टरबाईंनी घरचं डायलिसिस शिकवलं. पोटातल्या नळीला पिशवी जोडायची, पाणी आत सोडायचं, काही तासांनी घाण घेऊन आलेलं बाहेर काढायचं. अट एकच, हात स्वच्छ. नाहीतर पोटात जंतू आणि पुन्हा हॉस्पिटल. पिशवी काका जोडायचे. काकी डोळे घट्ट मिटायची. "माझ्यानं नाय व्हायचं!"

मग तिच्या मुलाची हळद आली. आमच्याकडची हळद म्हणजे काय सांगू! बँजो असा, की समोरचा डोंगर दोन पावलं नाचला. दुपारच्या पिशवीची वेळ झाली आणि सिस्टरबाई मांडवात. "हात दाखवा!"

अख्ख्या मांडवाने हात वर केले. सगळे पिवळे! काका तर कोपरापर्यंत. साबण संपला, विहिरीचा तळ दिसला, काकांच्या नखांतली हळद हलेना.

"सिस्टरबाय, हळद औषधीच हाय ना?"

"भाजीत, काका! नळीत नाही."

कोरे हात एकट्या काकीचे. नळीला हळद लागू नये, म्हणून पिशवी होईस्तोवर पोरालाही हळद लावायची नाही असं ठरवून सकाळपासून बिचारी ते पदरात लपवून बसलेली.

"तुमी जोडा ना गो बाय."

"मी आज आहे, उद्या नाही. तुम्हीच जोडा."

पंखा बंद, दार बंद, बँजो बंद. बाहेर नवरदेव रडकुंडीला. बऱ्याच वेळाने आतून आरोळी आली, "जोडली रं!" पाणी आत गेल्यावर काकी बाहेर आली आणि आंब्याच्या पानाने, बोटाला डाग न लावता, पोराला हळद लावली. मग तेच पान घेऊन सिस्टरबाईंच्या मागे. "हात ऱ्हाऊ दे, गाल तं दे!"

हेल्मेटात दोन पिवळे गाल घेऊन त्या निघाल्या.

आता त्या दुसऱ्या जिल्ह्यात असतात. खोकी मी एकटाच पोचवतो. काकी उंबऱ्यातच अडवते, "हात दाखव!"

डोक्यावर खोकं असलं तरी दाखवावे लागतात.