बाटली सगळी देवाची

नजीरभाईंचा आवाज फोनवर कधी हळू नसतो. उभा जन्म टेम्पो चालवलेल्या माणसाला इंजिनाच्या वरताण बोलायची सवय लागते आणि ती घरात बसल्यावरही सुटत नाही. त्या दिवशी महाडच्या बाजारात मी सुकटवालीशी घासाघीस करत होते. फोन वाजला, पलीकडून कुजबुजल्यासारखं "बाई..." एवढंच ऐकू आलं आणि मला तिथेच कळलं. "नाना गेले हो," ते म्हणाले. सुकटवालीने वाटा पुढे केला होता. तो घेतला की नाही, ते मला आजही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की पोलादपूरच्या एसटीत बसल्यावर डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मधूनच मला हसू येत होतं. शेजारची बाई सरकून बसली.

सखाराम गुरव, आमचे सखानाना. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, जिथे एसटी शेवटचं वळण घेऊन थांबते आणि पुढे नुसता डोंगर असतो, त्या गावच्या देवळाचे गुरव. त्याच गावच्या शाळेत मी बावीस वर्षं शिकवलं. मी महाडची, बौद्ध घरातली, देव न मानणारी मास्तरीण. नाना देवाशी दिवसातून दोनदा बोलणारे. आणि नजीरभाई पाच वेळा नमाज पढणारे ट्रान्सपोर्टवाले. आम्हा तिघांना एकत्र आणलं ते दारूने. त्यात पिणारे एकटे नानाच होते, पण पीत असत ते तिघांच्या वाटणीची.

झालं असं, की शाळेतल्या मुली वर्गात बसल्या बसल्या पेंगायला लागल्या. विचारलं तर एक म्हणाली, "बाई, बाबा रातच्याला झोपून देत नाय." मग मी चिडून एका रविवारी शाळेतच सभा बोलावली. महाडहून नजीरभाई आले, कारण त्यांचा हातचा चांगला ड्रायव्हर कसल्याशा गोळ्या खाऊन गाडी हाकायला लागला होता. औद्योगिक वसाहतीतले चार कामगार आले, बचत गटाच्या बायका आल्या. दोन तास आम्ही फक्त भांडलो. गाववाले म्हणाले, व्यसन कंपनीच्या पगारातून येतं. कामगार म्हणाले, शहरातून येतं. शहरवाले म्हणाले, तुमच्या गावच्या भट्टीतूनच तर येतं. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एक जाडसर आवाज आला, "येते कुठून त्याचा काय करायचा? जाते कुठं ता बघा. माझ्या पोटात जाते!" हे सखानाना. बटाटेवडे आहेत असं ऐकून आले होते आणि येताना पोटात भरपूर घेऊनच आले होते. सगळे हसले, आणि गंमत म्हणजे त्या हसण्यानंतरच सभा सरळ चालली. भट्टी कुणाची यापेक्षा कुणाकुणाच्या घरी जायचं, यावर बोलणं सुरू झालं. व्यसनमुक्ती समिती झाली. उपाध्यक्ष गावचा हवा होता आणि गावातलं कुणीही नाव द्यायला तयार नव्हतं. नाना प्रत्येक ठरावाला "मंजूर!" म्हणून ओरडत होते. वैतागून मी त्यांचंच नाव लिहिलं, आणि त्यांनी ऐटीत सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी नाना पायरीवर हजर. अंघोळ केलेली, केस चापून बसवलेले. "बाई, काल मी कशावर सही केली ओ?" मी सांगितलं. आधी त्यांना खरं वाटेना. मग इतके हसले, इतके हसले, की खांबाला धरून बसावं लागलं. मीही हसत होते. मग उपरण्याने तोंड पुसलं आणि म्हणाले, "सही माझीच हाय. मग आता सोडाय लागंल." मला त्यात काही दम वाटला नाही, हे आज कबूल करते. सही केली म्हणून कुणी दारू सोडतं का?

पण नजीरभाईंना दम वाटला. उपचारासाठी त्यांनीच नानांना कांद्याच्या गोण्यांवर बसवून नेलं आणि महिन्याने परत आणलं. त्यानंतर दर गुरुवारी महाडला व्यसन सोडणाऱ्यांची बैठक असे, तिकडेही टेम्पोतूनच. नाना पुढे केबिनमध्ये बसायला तयार नसत. मागच्या हौद्यात, पाठ ड्रायव्हरकडे करून बसत. कारण विचारलं तर म्हणाले, "असा बसला की बार गेल्यावर दिसतो." हायवेवरून जाणाऱ्या लोकांना वाटे, कुणीतरी रुसून चाललाय.

एकदा घसरलेही. पुतण्याच्या हळदीत कुणीतरी आग्रह केला आणि झालं. चार दिवसांनी स्वतःच शाळेत आले, हातात वहीच्या पानावर लिहिलेला राजीनामा. मी तोंडाची फटकळ. चांगलं सुनवायला शब्द जुळवत होते. पण नजीरभाईंनी तो कागद घेतला, वाचला, घडी घातली आणि त्यावर वडा ठेवून नानांच्या पुढे केला. "आपल्या समितीत राजीनाम्याची सोयच नाय, नाना. खा." तो राजीनामा तेलकट होऊन गेला. त्या दिवशी मी जे बोलले नाही, त्याचं मला अजून बरं वाटतं.

आणि मग राखण आली. भातं झोडून झाली की गावच्या राखणदाराला मान द्यायचा, कोंबडा आणि गावठीची बाटली. देवळामागे आंब्याखाली राखणदाराचा, म्हणजे देवाच्याच दुसऱ्या रूपाचा, दगड आहे. त्यावर गुरवाने ओंजळभर दारू शिंपायची, मग पहिला घोट स्वतः घ्यायचा, आणि उरलेला प्रसाद पुरुषमंडळींनी वाटून घ्यायचा. गुरवाने घोट घेतला नाही तर राखण पुरी होत नाही. आणि डॉक्टरांनी नानांना स्वच्छ सांगितलं होतं, एक घोट म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळं. या वेळी शरीराला झेपणार नाही. गाव हटून बसलं होतं. गुरवाच्या तब्येतीपायी गावाची राखण मोडायची का? वर्षात कुणाचं जनावर दगावलं तरी बोट नानांकडेच जाणार होतं. ते रात्रंदिवस दोन बाजूंनी भरडले जात होते, आणि वैनी, म्हणजे त्यांची बायको, माझ्याशी बोलताना नजर उचलत नव्हत्या.

मी माझ्या परीने अक्कल चालवली. आदल्या दिवशी नानांना गाठून म्हटलं, "पहाटे एकट्यानेच कौल लावा. देवाला दारू नको, उजवा कौल पडला, असं सांगून टाका. कोण बघणार आहे?" नाना माझ्याकडे बघतच राहिले. "बाई, दारूसंगती खोटा बोलायचापण सोडला. आता परत एक धरू?" देव न मानणाऱ्या बाईला देव मानणाऱ्या माणसाने असं गप्प केलं.

कौल सकाळी लागला, सगळ्या गावादेखत. देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला झेंडूच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या; उजवीकडची पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. नानांनी विचारलं, "देवा, औंदापासून बाटलीच्या जागी शहाळा देतो. चालंल?" डावी पाकळी पडली. इतकी पटकन पडली, की मागे पुरुषांच्या रांगेत कुणीतरी खुशीत म्हणालं, "देवाला पण सवय हाय बघा." हशा झाला. नाना हसले नाहीत. त्यांच्या पाठीवरून घाम ओघळताना मला दिसत होता. नजीरभाई अंगणात तुळशीपाशी टोपी हातात घेऊन उभे होते. मला वाटलं, संपलं. आमची समिती, तो टेम्पो, ते गुरुवार, सगळं एका पाकळीपाशी संपलं.

नानांनी पुन्हा पाकळ्या लावल्या. आणि देवळाबाहेरही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुला पायजे ना? मग बाटली तुझी. पण सगळी तुझी! मी नाय, गाव नाय, कोण त्यातला थेंब घेणार नाय. मान्य असंल तर उजवा दे." आता पाकळी हलेना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आणि मी, वर्षानुवर्षं पोरांना वैज्ञानिक दृष्टिकोन शिकवणारी बाई, त्या उजव्या पाकळीकडे डोळे लावून पुटपुटत होते, "पड गो बाई, पड!"

पडली. उजवी.

दुपारी आंब्याखाली सगळा गाव जमला. नानांनी बूच काढलं. वास सुटला. त्यांनी तोंड फिरवलं, पण हात दगडावरून हटवला नाही. तेवढ्यात दगडी गडग्यापलीकडून नजीरभाईंनी इंजिनाच्या वरताण आवाजात स्वतःच्या टेम्पोच्या क्लचप्लेटचं दुखणं सांगायला घेतलं. कधी घासली, मेकॅनिक काय म्हणाला, दुसरा मेकॅनिक काय म्हणाला. नाना ओतत होते आणि म्हणत होते, "हां... पुढं?... मग?" एक म्हातारेबुवा कळवळून म्हणाले, "देव एकटा पितो, बरा नाय दिसत ता." नाना म्हणाले, "त्याला पचते. आपल्याला नाय." शेवटचा थेंब पडला, नानांनी बाटली उलटी करून झटकली आणि मटकन खाली बसले. बायकांमधून हुंदका ऐकू आला तो वैनींचा. मग नाना म्हणाले, "नजीरभाय, क्लचप्लेटचा काय झाला शेवटी?" आणि त्या आंब्याखाली आम्ही जे हसलो, तसं मी त्यानंतर कधी हसले नाही.

गावाने पुढे बराच व्यवहारी विचार केला. सगळी देवालाच द्यायची तर एवढी मोठी कशाला? बाटली दर वर्षी लहान होत गेली. आता ती खोकल्याच्या औषधाएवढी उरली आहे आणि देवाने अजून तक्रार केलेली नाही. आसपासच्या दोन गावांनी ही रीत उचलली. नानांना बोलावणी यायला लागली. नाते गावच्या शाळेत, वसाहतीतल्या कॅन्टीनमध्ये शिफ्ट सुटलेल्या कामगारांपुढे, महाडला मोहल्ल्यातल्या हॉलमध्येही. नाना भाषण करत नसत, क्लचप्लेटची गोष्ट सांगत. मी मात्र फलक करून घेतला होता, मोठ्या अक्षरांत: "ज्यांनी दारू कायमची सोडली, ते सखाराम गुरव." तो फलक त्यांच्या डोक्यावर लावून मी त्यांना नऊ वर्षं गावोगाव बसवलं. मला त्याचा केवढा अभिमान होता! ते फलकाखाली मान खाली घालून बसत. मला वाटे, लाजतात.

परवा, त्यांना जाऊन दीड महिना झाल्यावर, मी वैनींकडे मुक्कामाला गेले. सकाळी त्या चुलीपुढे बसल्या होत्या, मी पाटावर. चहाला उकळी आली. वैनींनी गाळणं उचललं, आणि कुणाशी तरी बोलावं तशा म्हणाल्या, "बरं." मी म्हटलं, "काय वैनी?" त्या ओशाळल्या. पदर तोंडाला लावून हसल्या.

"सवय ओ, बाई. रोज उठला की चूळ भरायच्या आधी मला म्हणायचे, 'आज नाय गो.' मी म्हणायची, 'बरं.' तेवढाच. मग चहा."

"आज नाय म्हणजे?"

"म्हंजे आज प्यायची नाय." त्यांनी लाकूड आत सारलं. "उद्याचा कधी बोलले नाय. मी एकदा म्हटला, कायमची सोडली म्हणा की. तर म्हणाले, 'कायमची ता बाईंच्या फलकावर. माझ्याच्यान एक दिवसच होतो.'"

नऊ वर्षं मला वाटत होतं, की आंब्याखाली त्या दुपारी नानांनी लढाई जिंकली आणि पुढे नुसती मिरवणूक होती. त्यांनी माझा फलक निमूट डोक्यावर घेतला आणि घरी येऊन दुसऱ्या सकाळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मला लाज वाटली, आणि खरं सांगते, त्यांच्यावरचं प्रेम दुप्पट झालं. मग न राहवून विचारलं, "दवाखान्यात... शेवटच्या दिवशी?"

"तोंडात नळी होती. बोलता येत नव्हता." वैनींनी एक बोट वर केलं आणि हळूच इकडून तिकडे हलवलं. "असा केला. मी म्हटला, बरं. दुपारी गेले. पर त्यो दिवसपण पुरा केला, बाई."

त्या रडल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या फलकापेक्षा मोठा अभिमान होता. चहा उतू जाऊ लागला तशी त्यांनी पातेलं खाली ओढलं.

"आता सांगणारा नाय," कपात चहा गाळता गाळता त्या म्हणाल्या, "पण उकळी आली की मी 'बरं' म्हणून टाकते. त्याशिवाय चहा गाळायला हातच उठत नाय."